४०० केएनचे यूटीएम: लोड चोख, लांबीचा भरवसा नाही

इचलकरंजी आणि मिरज भागात बनणारे ४०० केएन (किलोन्यूटन) क्षमतेचे हायड्रॉलिक युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन (नमुना ओढून किंवा दाबून तो किती बल सोसतो ते मोजणारे यंत्र), म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेले '४० टनी यूटीएम', इंजिनिअरिंग कॉलेजांत, सळई तपासणाऱ्या लॅबमध्ये, कोल्हापूरच्या फाउंड्रीत आणि जालन्याच्या रोलिंग मिलमध्येही भेटते. प्लेटवरचे नाव बदलते, आतली रचना जवळपास तीच राहते. म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नाही, या जातीच्या यंत्राचे आहे. नवे घेणाऱ्याला आणि कॉलेजच्या कोपऱ्यात पडलेले पुन्हा सुरू करणाऱ्याला, दोघांनाही ते उपयोगी पडावे.

आमचे मत आधीच सांगतो. लोड मोजण्याच्या बाबतीत हे यंत्र विश्वासाचे आहे, टिकाऊ आहे आणि दुरुस्तीला सोपे आहे. पण नमुना किती लांबला हे ते स्वतःहून नीट सांगत नाही, आणि पदार्थ कसा निकामी होतो याची अर्धी गोष्ट त्या लांबीतच असते. त्यामुळे बजेट मर्यादित असेल तर ४०० वरून ६०० केएनवर उडी मारण्याआधी चांगला एक्सटेन्सोमीटर (नमुन्यावरच बसवून त्याची लांबवाढ मोजणारे उपकरण) आणि जॉचे, म्हणजे नमुना पकडणाऱ्या जबड्यांचे, पूर्ण संच घ्या. खरेदीच्या यादीत नेमके हेच शेवटी येतात आणि पैसे संपले की गाळले जातात.

रचना थोडक्यात. तळात मुख्य सिलिंडर आणि त्यात रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने वर सरकणारा दट्ट्या. रॅम खालचे टेबल उचलतो. टेबल दोन खांबांनी वरच्या क्रॉसहेडला (आडव्या तुळईला) जोडलेले असते, म्हणून दोन्ही एकत्र वर जातात. मधला क्रॉसहेड दोन जाड स्क्रूंवर बसलेला असतो आणि टेस्ट चालू असताना जागचा हलत नाही. वरच्या आणि मधल्या क्रॉसहेडमध्ये ओढायचे, मधल्या क्रॉसहेड आणि टेबलामध्ये दाबायचे किंवा वाकवायचे. मधला क्रॉसहेड वरखाली करणारी छोटी मोटर फक्त जागा जुळवण्यासाठी असते. जॉमध्ये नमुना घट्ट पकडून ठेवलेला असताना ही मोटर चालवली की स्क्रूचे नट, गिअर किंवा मोटरची वाइंडिंग यांपैकी काहीतरी जाते. कॉलेजमधल्या यंत्रांची ही सर्वांत नेहमीची दुखापत आहे. यावर उपाय एकच: त्या बटणावर ठळक पट्टी लावायची आणि नमुना वरच्या जॉमध्ये पकडून, मधला क्रॉसहेड जागेवर आणून, मगच खालचा जॉ आवळायचा.

क्षमतेचा हिशेब खरेदीआधी कागदावर करावा. एफई ५००डी या बांधकामातल्या सळईची ताणशक्ती (तुटण्याआधीचा कमाल स्ट्रेस) प्रत्यक्षात ६२० एमपीएच्या (मेगापास्कल, म्हणजे दर चौ. मिमीला न्यूटन) आसपास धरली तर ८ मिमी सळई ३१ केएनला तुटते, १२ मिमी ७० केएनला, १६ मिमी १२५ केएनला, २० मिमी १९५ केएनला आणि २५ मिमी सुमारे ३०५ केएनला. २८ मिमीला ३८० केएनच्या वर जावे लागते, म्हणजे यंत्र काठावर येते. ३२ मिमीचे क्षेत्रफळ ८०४ चौ. मिमी, तिला ५०० केएन लागतात. ती या यंत्रावर तुटणारच नाही. पुलांची, मोठ्या फाउंडेशनची कामे येत असतील तर ६०० किंवा १००० केएनचेच यंत्र हवे. उलट फाउंड्रीला ४०० केएनही मुबलक होते: एसजी आयर्न ५००/७ (गोल ग्राफाइटचे बीड) चा १४ मिमी व्यासाचा नमुना ७७ केएनच्या आसपास तुटतो.

आणखी एक गैरसमज इथेच मोडायला हवा. खाली दाबायची सोय आहे म्हणून काँक्रीटचा १५० मिमीचा क्यूब या यंत्रात चिरडता येईल असे वाटते. क्यूबच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ २२,५०० चौ. मिमी. ४०० केएनला त्यावर पडणारा स्ट्रेस जेमतेम १७.८ एमपीए. एम२५ चा (२५ एमपीए ताकदीच्या काँक्रीटचा) बरा क्यूब यावर मुळीच फुटणार नाही. त्याला वेगळे २००० केएनचे कॉम्प्रेशन मशीन लागते.

आता लोडकडे वळू. जाहिरातीत '±१ टक्का' लिहिलेले असते आणि चांगल्या यंत्रात ते खरेही निघते. पण कोणत्या लोडपासून, हे कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रात वाचा. आयएस १८२८ (भारतीय मानक) भाग १ प्रमाणे तपासणी करताना किमान पाच बिंदू क्षमतेच्या २० ते १०० टक्क्यांदरम्यान घेतात. त्याखालचे बिंदू वेगळे मागावे लागतात. ४०० केएनचे २० टक्के म्हणजे ८० केएन. १२ मिमीची सळई ५७ केएनला यील्ड होते (कायमची ताणू लागते) आणि ७० ला तुटते. म्हणजे प्रमाणपत्र ८० पासून सुरू होत असेल तर तुमच्याकडे सर्वांत जास्त येणारा नमुना त्या प्रमाणपत्राच्या बाहेरच राहतो. ८ मिमी सळईचा यील्ड तर २५ केएनला येतो, क्षमतेच्या जेमतेम ६ टक्क्यांवर. कॅलिब्रेशनवाल्याला ४०, २० आणि ८ केएनचे बिंदू आधीच सांगून ठेवा. त्यासाठी त्याला लहान क्षमतेचा प्रूव्हिंग लोडसेल सोबत आणावा लागतो. आयत्या वेळी सांगितले तर तो आणलेला नसतो. यंत्र जागेवरून हलवले, किंवा सिलिंडर, सेन्सर यांची मोठी दुरुस्ती झाली, तर मुदत बाकी असली तरी पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते.

लोडमधली दुसरी चूक शून्याची. यातल्या बहुतेक यंत्रांत लोड तेलाच्या दाबावरून मोजतात. टेबल तळाला टेकलेले असताना शून्य केले तर टेबल, खांब आणि वरचा क्रॉसहेड यांचे वजन सिलिंडरवर नसते. पंप सुरू होऊन रॅम उचलला की ते वजन लोडमध्ये मिळते. हे ओझे तीनशे किलो धरले तरी सुमारे ३ केएन झाले, आणि ८ मिमी सळईच्या २५ केएनमध्ये ३ केएनची भर म्हणजे १२ टक्के फुगवलेला यील्ड. नापास होणारी सळई अशी सहज पास होते. म्हणून पंप चालू करून टेबल १०-२० मिमी वर तरंगू द्या, वरचा जॉ लावलेला असू द्या, तेव्हा शून्य करा आणि त्यानंतरच खालचा जॉ आवळा.

जॉ हा या यंत्राचा झिजणारा भाग आहे आणि तक्रारी बहुतेक इथूनच येतात. गोल सळईला व्ही आकाराचे, पट्टीला सपाट दात्यांचे, आणि प्रत्येक जॉवर त्याची मापाची मर्यादा कोरलेली असते. १० मिमीची सळई मोठ्या व्ही जॉमध्ये पकडली तर ती व्हीच्या तळाशी दोन रेषांवरच चावली जाते आणि जॉच्या तोंडाशीच तुटते. नमुना जॉच्या जवळजवळ पूर्ण उंचीत शिरला पाहिजे. लहान तुकडा आहे म्हणून जॉच्या अर्ध्यातच पकडला तर सगळा दाब वेजच्या (पाचरीसारख्या जॉच्या) टोकाला येतो. आधी जॉला तडा जातो आणि पुढे क्रॉसहेडचा खिसाही बिघडतो, जो बदलणे फार महाग पडते. दात्यांत टीएमटीचे (गरम लाटून झटकन थंड केलेल्या सळईचे) खवले अडकतात, ते दर काही नमुन्यांनंतर तारेच्या ब्रशने काढा. वेजच्या पाठीला मात्र मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस पातळ लावा, म्हणजे वेज सरकत घट्ट होतो. या दोन जागांची अदलाबदल झाली, ग्रीस दात्यांना लागले, की सळई घसरते आणि आलेखात करवतीसारखे दाते दिसतात. वरच्या आणि खालच्या जॉची जोडी एकाच झिजेची ठेवा. एक नवा, एक जुना लावला तर नमुना तिरका ओढला जातो.

आता लांबी. या यंत्राच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर लोड आणि डिस्प्लेसमेंटचा सुंदर आलेख येतो. ती डिस्प्लेसमेंट टेबल किती उचलले याची असते, नमुना किती ताणला याची नसते. तिच्यात जॉचे दाते रुतणे, वेज सरकणे, खांब आणि स्क्रू ताणणे, सगळे मिसळलेले असते. उदाहरण घ्या: जॉमध्ये ३०० मिमी मोकळी लांबी असलेली सळई २०० एमपीए स्ट्रेसला खरोखर फक्त ०.३ मिमी लांबते. तेवढ्याच वेळात टेबल मात्र दोन-तीन मिमी सरकलेले असते. त्या आकड्यावरून इलॅस्टिक मॉड्युलस (पदार्थाच्या ताठरपणाचा आकडा) काढला तर २०० जीपीएऐवजी (गिगापास्कल, १००० एमपीए) २० ते ३० जीपीए येतो. कॉलेजच्या जर्नलमध्ये हा आकडा आला की विद्यार्थी तो खोडून पुस्तकातला लिहितात. त्याऐवजी मास्तरांनी हा फरक कुठून आला ते फळ्यावर मांडावे. यंत्राची स्वतःची लवचीकता शिकवायला याहून चांगली संधी नाही.

टीएमटीला तर हा प्रश्न थेट निकालाचा आहे. या सळईला मऊ पोलादासारखा ठळक यील्ड पॉइंट दरवेळी दिसतोच असे नाही, तेव्हा ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (ज्याला ०.२ टक्के लांबी कायमची वाढते तो स्ट्रेस) काढतात. ५० मिमी गेज लांबीवर (मोजण्यासाठी ठरवलेल्या लांबीवर) ०.२ टक्के म्हणजे ०.१ मिमी. हे अंतर टेबलाच्या सरकण्यावरून काढणे निव्वळ अंदाज ठरतो. हजारांश मिमी वाचणारा क्लिप-ऑन एक्सटेन्सोमीटर लागतो, आयएसओ ९५१३ प्रमाणे वर्ग १ चा, स्वतःच्या वेगळ्या प्रमाणपत्रासह. लावताना त्याच्या दोन्ही धारा सळईच्या आडव्या वरंब्यांवर न टेकवता मधल्या सपाट जागेवर टेकवा आणि तिथले सैल खवले आधी घासून काढा. खवला सुटला की आलेखाला मध्येच पायरी पडते आणि सॉफ्टवेअर तिलाच यील्ड समजते. प्रूफ स्ट्रेस ओलांडून आलेख वाकला की एक्सटेन्सोमीटर काढून घ्या, नाहीतर तुटण्याच्या धक्क्याने त्याच्या धारा किंवा आतला सेन्सर जातो. काढायची वेळ आली की सॉफ्टवेअर थांबून विचारते का, आणि त्या थांब्यात लोड सांभाळते का, हे खरेदीआधी चालवून पाहा. काही सॉफ्टवेअर न विचारता टेबलाच्या सरकण्यावरून ०.२ टक्के काढून छापतात. अशा रिपोर्टवर सही करू नये.

ओढण्याचा वेग हाताच्या व्हॉल्व्हवर असतो आणि घाईत हमखास जास्त उघडला जातो. आयएस १६०८ मध्ये पोलादासाठी इलॅस्टिक टप्प्यात सेकंदाला ६ ते ६० एमपीए अशी मर्यादा आहे. १२ मिमी सळईला याचा अर्थ सेकंदाला ०.७ ते ६.८ केएन, २५ मिमीला ३ ते २९ केएन. १२ मिमीला सेकंदाला २ केएन ठेवले तर यील्डपर्यंत अर्धा मिनिट लागतो, तो द्यावा. वेगाने ओढलेले पोलाद जास्त यील्ड दाखवते. व्हॉल्व्हची खूण २० मिमीवर पक्की करून तीच १० मिमीला वापरली आणि सेकंदाला तेवढेच केएन पडले, तर स्ट्रेस चार पट वेगाने चढतो. वेग आपोआप राखणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हचा पर्याय परवडत असेल तर जरूर घ्या.

सळई जशी आली तशीच, पूर्ण सेक्शनमध्ये तुटली पाहिजे. जॉमध्ये बसत नाही म्हणून लेथवर उतरवून नमुना करण्याचा मोह होतो. टीएमटीच्या बाहेरच्या कड्यात टेम्पर्ड मार्टेन्साइट असते आणि आत मऊ फेराइट-पर्लाइट. लेथवर नेमके मजबूत कडे निघून जाते आणि चांगली सळई नापास ठरते. क्षेत्रफळही व्हर्नियरने मोजायचे नाही: तुकड्याचे वजन किलोत घ्या, त्याला ०.००७८५ आणि मीटरमधील लांबी यांच्या गुणाकाराने भागा, चौ. मिमी मिळतात. १२ मिमीचे मीटरला ०.८८८ किलो भरले तर ११३. वरंब्यांवरून मोजलेला व्यास घेतला तर क्षेत्रफळ जास्त आणि ताकद कमी दिसते.

पूर्ण भाग तपासण्याचे महत्त्व फार जुने आहे. लंडनमध्ये साउथवर्कला डेव्हिड कर्कॉल्डींचे टेस्टिंग वर्क्स होते, त्याच्या दारावर 'मते नव्हेत, तथ्ये' असे कोरलेले आहे. २८ डिसेंबर १८७९ ला स्कॉटलंडमधला टे पूल वादळात कोसळला, त्यानंतर त्याचे भाग तिथेच ओढून पाहिले गेले. खांबांवरचे बिडाचे लग (जोडाचे कान) हिशेबात धरलेल्या बलाच्या कितीतरी खाली तुटले.

इलाँगेशनसाठी (तुटेपर्यंत लांबी किती टक्के वाढली यासाठी) सळईवर आधीच खुणा करा: गेज लांबी व्यासाच्या पाच पट, म्हणजे १२ मिमीला ६०, १६ ला ८०, २० ला १००, २५ ला १२५ मिमी. सळई कुठे तुटेल ते माहीत नसते, म्हणून सगळ्या मोकळ्या लांबीवर समान अंतराने खुणा ओढा. सेंटर पंच जोरात मारू नका, तिथेच तुटते. रंगावर बारीक ओरखडा पुरतो. ५००डी ला हे इलाँगेशन किमान १६ टक्के आणि कमाल लोडवरचे एकूण इलाँगेशन किमान ५ टक्के हवे. यातले दुसरे इलाँगेशन, एक्सटेन्सोमीटर काढून टाकलेला असला तरी, हाताने काढता येते: तुटलेल्या जागेपासून किमान ५० मिमी किंवा दोन व्यास आणि जॉपासून किमान २० मिमी किंवा एक व्यास, दोन्हीकडे जे जास्त असेल तेवढे सोडून, १०० मिमीची खूण कितीने वाढली ते टक्क्यांत घ्या, त्यात ताणशक्ती भागिले २००० मिळवा. ६२० एमपीएला ही भर ०.३१ टक्के. त्यासाठी जॉमध्ये मोकळी लांबी पुरेशी हवी, म्हणून तुकडा ५००-६०० मिमीचा मागवा आणि यंत्र घेताना दोन जॉमधले कमाल अंतर पाहा.

फाउंड्रीवाल्यांसाठी वेगळी सूचना. ग्रे आयर्नच्या (साध्या बिडाच्या) नमुन्याला साध्या वेज जॉमध्ये पकडू नये. आयएस २१० चा ३० मिमी ओतीव बार उतरवून केलेला २० मिमीचा नमुना आट्यांच्या किंवा खांद्याच्या होल्डरमध्ये, गोलाकार बैठकीवर बसवा. हा पदार्थ जराही झुकलेला ताण सहन करत नाही. तिरका ओढला गेला तर एफजी २६० चा (किमान २६० एमपीएच्या ग्रे आयर्नचा) नमुना २०० लाच तुटून फाउंड्रीचा चांगला हीट (एका वेळी वितळवलेला घाण) बदनाम होतो. हे होल्डर बहुधा जादा किमतीत येतात. ते ऑर्डरमध्ये लिहा.

तुटल्यावर दोन्ही तोंडे पाहा, यंत्र ते करत नाही. मऊ पोलादात मान बारीक होऊन कप-कोन पडतो: मधोमध समावेशांभोवती (पोलादात अडकलेल्या परक्या कणांभोवती) पोकळ्या जुळत जातात आणि कडेला ४५ अंशांत कातर जाते. बिडात मान पडतच नाही, तोंड सपाट आणि दाणेदार असते. त्यात चकचकीत किंवा काळा डाग दिसला तर पोरोसिटी (बारीक पोकळ्या) किंवा स्लॅग (धातूमळी) शोधा. एका कडेपासून सुरू झालेली तड दिसली आणि यांत्रिक दोष दिसत नसेल, तर जॉची रेषा तपासा. जॉच्या आत किंवा तोंडाशी तुटलेला, आणि किमान आकडा न गाठलेला नमुना रद्द करून दुसरा घ्या.

जुन्या पेंड्युलम-डायलच्या यंत्राबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. ४०, १००, २०० आणि ४०० केएनच्या चार रेंज, आणि मऊ पोलाद यील्ड होताना काटा थबकतो, थोडा मागे येतो, मग पुन्हा चढतो. शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पदार्थ हार मानताना दिसतो, तो अनुभव स्क्रीन देत नाही. असे यंत्र भंगारात देऊ नका. प्रेशर सेन्सर आणि एक्सटेन्सोमीटर लावून ते अद्ययावत करून मिळते. मागे राहणारा कमाल-काटा फार घट्ट नाही ना, तेवढे पाहा.

या यंत्राकडून ज्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नये त्याही सांगतो. फटीग, म्हणजे कमी स्ट्रेसचे लाखो फेरे, याच्यावर होत नाही. त्याला वेगळे सर्व्हो-हायड्रॉलिक किंवा रोटेटिंग-बीम यंत्र लागते. थंडीत किंवा धक्क्याने पोलाद ठिसूळपणे तुटेल का, तेही हळू ओढण्यात कळत नाही. तिथे १० × १० × ५५ मिमी, २ मिमी व्ही खाचेचा चार्पी (धक्क्याने तोडण्याच्या चाचणीचा) नमुना हवा.

बसवताना पाया आणि लेव्हल बघा, थ्री-फेज पुरवठ्यातले दोन फेज उलटसुलट जोडले तर पंप उलटा फिरतो आणि दाब येत नाही. तेल ६८ ग्रेडचे, टाकीत ओतताना गाळून. रॅम आणि सिलिंडर घासून जुळवलेले असतात, सील नसते, म्हणून वरून झिरपणारे थोडे तेल परतीच्या नळीने टाकीत जाणे हा बिघाड नव्हे. त्यात कचरा गेला तर मात्र रॅम अडखळतो आणि लोड वाढलेला दिसतो. नमुन्याभोवती जाळीचा गार्ड हवाच. २५ मिमीची सळई तुटताना साठलेली ऊर्जा सोडते आणि खालचा वेज उडून येऊ शकतो.

डिलिव्हरीआधी उत्पादकाच्या कारखान्यात जाऊन चाचणी घ्या. एकाच सळईचे सहा सलग तुकडे न्या, तीन तिथे तोडा आणि तीन दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबला द्या. ताणशक्तीत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पैसे देण्याआधी कारण विचारा. सॉफ्टवेअरमधून कच्चा डेटा, वेळ-लोड-एक्सटेन्शन असा, साध्या फाइलमध्ये बाहेर काढून मागा. ८ ते २५ मिमीचे व्ही जॉ, सपाट जॉचा संच, ५० मिमी गेजचा एक्सटेन्सोमीटर आणि त्याचे प्रमाणपत्र, कमी लोडचे कॅलिब्रेशन बिंदू, जॉचा एक जादा संच: हे सगळे पर्चेस ऑर्डरमध्ये नावानिशी लिहा. 'स्टँडर्ड अॅक्सेसरीज' या शब्दांत यातले निम्मे येत नाही.